दोन उभ्या रेघांचे गुरुजी



आपल्या भित्तिपत्रकात दर महिन्याला एका थोर व्यक्तीचे चरित्र लागते. या खेपेला पाळी माझी. तू कोणाचे लिहिणार, असे गुरुजींनी विचारले, तेव्हा मी पटकन सांगून टाकले की ज्यांच्यामुळे माझा अर्धा गुण गेला त्यांचेच लिहिते. सगळा वर्ग हसला. गुरुजीही हसले. पण मग त्यांनी बजावले की लिहायचेच तर नीट माहिती काढून लिही. म्हणून हा लेख.

अर्धा गुण कसा गेला ते आधी सांगते. गुरुजी आम्हाला ऋण संख्या शिकवत होते. फळ्यावर संख्यारेषा काढली. मध्ये शून्य, उजवीकडे धन संख्या, डावीकडे ऋण संख्या. एवढे आम्हाला येत होते. मग त्यांनी ऋण तीन लिहून त्याच्या दोन्ही बाजूंना दोन उभ्या रेघा मारल्या, अशा : | −३ |. आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. गुरुजींनी सांगितले की याला केवलमूल्य म्हणतात. पुढच्या इयत्तांच्या पुस्तकात ते येते, पण ज्याला ऋण संख्या कळल्या त्याला हेही कळते. केवलमूल्य म्हणजे ती संख्या शून्यापासून किती लांब आहे ते अंतर. कोणत्या बाजूला आहे ते विचारायचे नाही, फक्त किती लांब ते बघायचे. ऋण तीन शून्यापासून तीन घरे लांब, आणि धन तीनही तीनच घरे लांब. म्हणून | −३ | = ३ आणि | ३ | = ३.

पुढे चाचणीत उदाहरण आले : | क्ष | = ३, तर क्ष काढा. मी ३ लिहिले आणि पेपर पालथा घालून मजेत बसले. गुरुजींनी एकातला अर्धाच गुण दिला. मला रडूच आले. तीन हे उत्तर बरोबर आहे ना, मग अर्धा गुण का? गुरुजींनी समजावले की तीन बरोबर आहे, पण ते निम्मे उत्तर आहे. डावीकडचा ऋण तीनही तेवढाच लांब आहे आणि तू त्याच्याकडे पाहिलेच नाहीस. खरे उत्तर : क्ष = ३ किंवा क्ष = −३.

या रेघा कोणी काढल्या, असे मी रागारागातच विचारले. तेव्हा मला कार्ल वायरश्ट्रास हे नाव समजले. गुरुजींनी माहिती जमवून दिली आणि मी वहीत टिपणे काढली. टिपणे काढताना एक गोष्ट अशी आली की मी दोन दिवस गप्पच होते. ती गोष्ट अगदी आमच्या घरातल्यासारखी होती. ती पुढे येईलच.

बालपण

कार्लचा जन्म ३१ ऑक्टोबर १८१५ रोजी वेस्टफालिया प्रांतातल्या ओस्टेनफेल्डे नावाच्या लहानशा गावी झाला. तेव्हा तो भाग प्रशिया राज्यात होता, आज तो जर्मनीत आहे. वडिलांचे नाव विल्हेल्म. ते आधी महापौरांच्या कचेरीत चिटणीस होते आणि पुढे कर खात्यात लागले. खात्याची नोकरी म्हणजे बदल्या आल्याच. आज या गावी, उद्या त्या गावी. त्यामुळे कार्लच्या शाळाही बदलत राहिल्या. कार्ल भावंडांत थोरला. १८२७ साली त्याची आई वारली. तेव्हा तो आपल्याच वयाचा होता.

पुढे पाडरबोर्न या गावच्या शाळेत त्याचे शिक्षण झाले. अभ्यासात तो हुशार होता. घरची ओढाताण असल्यामुळे फावल्या वेळात हिशेब लिहिण्याचे काम करून तो घराला हातभार लावी. शाळेत असतानाच त्याला गणिताचे एक नियतकालिक वाचायचा नाद लागला. क्रेले नावाच्या गृहस्थांनी १८२६ साली सुरू केलेले ते नियतकालिक म्हणजे मोठमोठ्या गणितींनी लिहायची जागा. शाळकरी पोराने ते वाचायचे म्हणजे आपण तिसरीत असताना दहावीचे पुस्तक उघडून बसण्यासारखे! पण कार्ल ते आवडीने वाची.

चार वर्षे

१८३४ साली शाळा संपली. मुलाने सरकारी कारभारात मोठा अधिकारी व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. म्हणून त्यांनी त्याला बॉन येथील विद्यापीठात कायदा आणि अर्थव्यवहार शिकायला पाठवले. कार्लचे मन गणितात. वडिलांना नाही म्हणायचे धाडस होईना आणि कायद्याच्या तासाला बसवेना. मग काय झाले? त्याने वडिलांचे ऐकले नाही आणि स्वतःच्या मनाचेही ऐकले नाही. चार वर्षे तो तलवारबाजी खेळला आणि मित्रांबरोबर बियर पीत बसला.

बियरचे लिहू का नको, असे मी गुरुजींना विचारून घेतले आहे बरं का! गुरुजींचे मत असे पडले की चरित्र लिहायचे तर खरे लिहावे, नुसते गोड लिहायचे असेल तर आरती लिहावी. म्हणून लिहिले.

त्या चार वर्षांत तो एक काम मात्र मनापासून करी. गणिताची पुस्तके आणून आपली आपण वाची. ग्रहगोलांच्या गतीचे गणित सांगणारा लाप्लास यांचा कठीण ग्रंथ त्याने असाच वाचला. पण परीक्षेत ते कोण विचारणार? १८३८ साली कार्ल पदवी न घेता, परीक्षेलाही न बसता, हात हलवत घरी परत आला.

हीच ती गोष्ट. आमचा दादा शहरात कॉलेजला होता. दोन वर्षे होता. आप्पांनी त्यासाठी एक म्हैस विकली. गेल्या वर्षी दादा पास न होताच ट्रंक घेऊन घरी आला. तेव्हापासून आप्पा दादाशी बोलत नाहीत. एकाच घरात असून दोघांचे निरोप माझ्याकडून जातात. त्याला जेवायला बोलाव, असे आप्पा मला सांगतात, आणि दादा समोरच बसलेला असतो. मग मी दोन पावले जाऊन तोच निरोप पुन्हा सांगते. आधी मला हसू यायचे, आता येत नाही. हे सगळे मी दादाला विचारून लिहिते आहे. तो आधी नको म्हणाला, मग बराच वेळ गप्प बसला आणि शेवटी लिही म्हणाला.

कार्लचे वडीलही फार संतापले होते. चार वर्षांचा खर्च गेला आणि हाती काही आले नाही. पण घरच्या एका स्नेह्याने मध्ये पडून वाट काढली. मुन्स्टर येथे शिक्षक होण्याची परीक्षा देता येत होती. अधिकारी नाही तर नाही, शाळामास्तर तरी होऊ दे, असे ठरले. वडील कबूल झाले. त्या स्नेह्याने तेव्हा तोंड उघडले नसते, तर आज आपल्या वहीत त्या दोन रेघा कशा आल्या असत्या, देव जाणे.

रेघा कधी काढल्या

१८३९ साली कार्ल मुन्स्टरला गेला. तेथे गुडरमान नावाचे चांगले शिक्षक भेटले आणि त्यांच्याकडून तो पुष्कळ गणित शिकला. परीक्षेसाठी दिलेल्या कठीण प्रश्नावर त्याने असा निबंध लिहिला की गुडरमान यांनी त्याची मनापासून प्रशंसा केली. १८४१ साली तो परीक्षा पास झाला आणि मुन्स्टरच्याच शाळेत एक वर्षासाठी उमेदवार शिक्षक म्हणून लागला. आता मी त्यांना अहोजाहो करते, कारण ते गुरुजी झाले.

त्याच १८४१ सालच्या शरद ऋतूत या उमेदवार गुरुजींनी गणितावर एक निबंध लिहिला. त्यात संख्येच्या दोन्ही बाजूंना दोन उभ्या रेघा मारायची खूण त्यांनी वापरली. हीच ती आपली खूण! कल्पना जुनीच होती, पण ती शब्दांत लांबलचक सांगावी लागे. दोन रेघांनी ते काम चुटकीसरशी झाले. त्यांना ही खूण संमिश्र संख्यांसाठी हवी होती. या संख्या आपण पुढे मोठ्या वर्गात शिकू. त्या एका रेषेवर न राहता पानभर पसरलेल्या असतात, पण त्यांच्याही केवलमूल्याचा अर्थ तोच, शून्यापासूनचे अंतर.

आणि गंमत अशी की तो निबंध तेव्हा छापलाच गेला नाही. तो छापून आला १८९४ साली, म्हणजे ५३ वर्षांनी. तोवर उमेदवार गुरुजी म्हातारे झाले होते.

दादाने दाखवलेली रीत

आता थोडे गणित. चरित्र वाचून झाल्यावर आपल्याला उदाहरणही सुटले पाहिजे, नाहीतर माझा अर्धा गुण फुकट गेला असे होईल.

| क्ष − ५ | = ३ हे उदाहरण मला कळत नव्हते. दादाने मला सायकलवर बसवून रस्त्यावर नेले. आपल्या रस्त्याला किलोमीटरचे दगड आहेत. फाट्यापासून मोजत आले की आपली शाळा पाचव्या दगडापाशी. दादाने विचारले की शाळेपासून तीन किलोमीटरवर कोण राहते? मी म्हटले आपण, आठव्या दगडाशी. मग त्याने हळूच विचारले की तुझी मैत्रीण कुठे राहते? ती राहते दुसऱ्या दगडापाशी. तीही शाळेपासून तीनच किलोमीटर! म्हणजे क्ष = ८ किंवा क्ष = २.

क्ष − ५ च्या बाजूच्या रेघा सांगतात की क्ष आणि ५ यांच्यातले अंतर मोजा. उदाहरण लिहून असे सोडवायचे : रेघांच्या आतली रक्कम एकतर ३ असेल, नाहीतर −३ असेल.

क्ष − ५ = ३, म्हणून क्ष = ८.
क्ष − ५ = −३, म्हणून क्ष = २.

नुसते शाळेपासून तीन किलोमीटर एवढाच पत्ता असेल, तर पोस्टमनला दोन्ही बाजूंना जाऊन यावे लागेल. एकाच बाजूला जाऊन तो परत फिरला, तर दुसऱ्या बाजूचे पत्र पिशवीतच राहील.

दुसरी गोष्ट. | क्ष | = −२ असे कोणी विचारले तर? फसू नका. अंतर कधी ऋण नसते. उणे दोन किलोमीटरवर कोणाचे घर असेल का? या उदाहरणाला उत्तरच नाही. उत्तर नाही, हेच त्याचे बरोबर उत्तर!

तिसरी गोष्ट पडताळ्याची. समजा | क्ष − ४ | = २क्ष − २. पुन्हा दोन शक्यता घ्यायच्या. पहिली : क्ष − ४ = २क्ष − २, यातून क्ष = −२ येते. दुसरी : क्ष − ४ = −(२क्ष − २), यातून ३क्ष = ६, म्हणून क्ष = २ येते. आता दोन्ही उत्तरे मूळ उदाहरणात घालून बघायची. क्ष = २ घातले तर डावीकडे | −२ | म्हणजे २, उजवीकडे ४ − २ म्हणजे २. जमले. क्ष = −२ घातले तर डावीकडे | −६ | म्हणजे ६, पण उजवीकडे −४ − २ म्हणजे −६. नाही जमले. म्हणून −२ हे उत्तर सोडून द्यायचे. शक्यता दोन्ही बघायच्या, पण पडताळा घेतल्याशिवाय कोणतीच पदरात घ्यायची नाही.

चौदा वर्षांची मास्तरकी

१८४२ साली वायरश्ट्रास गुरुजींची नेमणूक डॉइच क्रोने या गावी झाली आणि १८४८ साली ब्राउन्सबर्ग येथे. ही दोन्ही गावे आज पोलंड देशात आहेत. मुन्स्टरचे वर्ष धरून अशी एकूण चौदा वर्षे शाळेत गेली. गुरुजी काय काय शिकवीत ते ऐका. गणित, पदार्थविज्ञान, वनस्पतिशास्त्र, भूगोल, इतिहास, जर्मन भाषा, सुंदर हस्ताक्षर आणि कवायतसुद्धा! आपल्या शाळेत एक गुरुजी दोन दोन वर्ग सांभाळतात, तसेच म्हणा ना. दिवसभर मुलांना शिकवायचे आणि रात्री दिव्यापाशी बसून आपले गणित करायचे. जवळपास त्यांच्या गणितावर बोलणारे कोणी नव्हते. चांगले ग्रंथालयही हाताशी नव्हते.

तेव्हाच्या शाळा दरवर्षी एक अहवाल छापीत आणि त्यात शिक्षकांचे लेख देत. वायरश्ट्रास गुरुजींनी आपले पहिले गणिती लेख अशा शाळेच्या अहवालातच दिले. पालकांनी पाने उलटली असतील, मुलांनी आपापली नावे शोधली असतील, पण त्या लेखांकडे कोणा गणितीचे लक्ष गेले नाही. हे वाचल्यापासून मी आपल्या भित्तिपत्रकावरचा प्रत्येक लेख शेवटपर्यंत वाचते. काय सांगावे!

ब्राउन्सबर्गची एक आठवण सांगतात. एका सकाळी त्यांच्या वर्गातून फार गोंगाट ऐकू येऊ लागला. मुख्याध्यापक पाहायला गेले तर वर्गात गुरुजीच नाहीत. ते घरी गेले, तर गुरुजी दिवा लावून लिहीत बसलेले. रात्र संपून केव्हाच उजाडले, याचा त्यांना पत्ता नव्हता! अशा जागरणांनी म्हणा की कशाने म्हणा, १८५० च्या सुमारास त्यांना भोवळ येण्याचा त्रास सुरू झाला आणि तो पुढे कित्येक वर्षे राहिला.

दार उघडले

१८५४ साली वायरश्ट्रास गुरुजींचा लेख क्रेले यांच्या नियतकालिकात छापून आला. लहानपणी पाडरबोर्नला वाचत तेच नियतकालिक. आबेलीय फलनांवरचा तो लेख वाचून युरोपातले गणिती थक्क झाले. एवढे मोठे काम करणारा हा माणूस आहे कोण? तर एका आडगावच्या शाळेतला मास्तर! त्याच वर्षी ३१ मार्चला क्योनिग्सबर्ग विद्यापीठाने त्यांना सन्मानाने डॉक्टरची पदवी दिली. ज्यांनी कधी पदवीच घेतली नव्हती त्यांना ३८ व्या वर्षी थेट डॉक्टरेट मिळाली.

पण लगेच सगळे सुरळीत झाले असे नाही. ब्रेस्लाउ येथील प्राध्यापकाच्या जागेसाठी त्यांनी अर्ज केला, तो नाकारला गेला. शेवटी १८५६ साली ते बर्लिनला गेले. आधी तेथील औद्योगिक संस्थेत आणि मग त्याच वर्षी विद्यापीठात शिकवू लागले. १८६४ साली ते बर्लिन विद्यापीठात पूर्ण प्राध्यापक झाले.

मध्येच १८६१ च्या डिसेंबरात त्यांची प्रकृती पार ढासळली आणि बरेच दिवस शिकवणे बंद पडले. परत आले तेव्हा उभे राहून फळ्यावर लिहिणे त्यांना झेपेना. मग ते खुर्चीवर बसून बोलत आणि एक विद्यार्थी फळ्यावर लिही. तरी देशोदेशीचे विद्यार्थी त्यांच्याकडे येत. अनंत संख्यांचे गणित मांडणारे कांटोर हेही त्यांच्या वर्गात बसलेले.

जवळ म्हणजे किती जवळ?

वायरश्ट्रास यांचे सगळ्यात मोठे काम कोणते, ते गुरुजींनी मला सोपे करून सांगितले. तसेच सांगते. गणितात पुष्कळदा म्हणावे लागते की ही संख्या त्या संख्येच्या जवळ जवळ जाते. पण जवळ म्हणजे काय? आमच्या आजीला विचारले तर तालुक्याचे गावसुद्धा जवळच आहे, आणि पायात काटा मोडला असेल तर शेजारचे घरही लांब. अशा शब्दावर गणित कसे उभे राहणार? वायरश्ट्रास यांच्या आधीही काही गणितींनी हे नीट करायला घेतले होते. वायरश्ट्रास यांनी ती रीत पक्की केली. त्यांची रीत अशी : आधी तुम्ही ठरवा किती जवळ हवे, बोटभर का नखाएवढे. मग मी दाखवीन की दोन संख्यांमधले अंतर तेवढ्यापेक्षाही कमी राहते. आणि हे अंतर लिहायचे कसे? त्याच दोन उभ्या रेघांनी!

१८७२ साली त्यांनी बर्लिनच्या अकादमीपुढे एक अजब वक्ररेषा मांडली. ती कुठेही तुटत नाही, पण तिच्यावर कुठेही गुळगुळीत जागा नाही, जिकडे पाहावे तिकडे कोपरेच कोपरे. अशी रेषा असूच शकत नाही, असे बहुतेकांना वाटे. डोळ्यांना वाटते म्हणून ते खरे मानू नये, पडताळा घ्यावा, हेच त्यांनी दाखवून दिले.

सोफिया

हा भाग खास मुलींसाठी, पण मुलांनीही वाचावा. १८७० साली सोफिया कोवालेव्हस्काया नावाची वीस वर्षांची रशियन तरुणी बर्लिनला आली. तिला गणित शिकायचे होते. पण तेव्हा बर्लिनच्या विद्यापीठात बायकांना वर्गात बसू देत नसत. ती वायरश्ट्रास यांच्याकडे गेली. त्यांनी तिची परीक्षा पाहायला काही कठीण उदाहरणे दिली. तिने ती इतकी सुंदर सोडवून आणली की ते चकित झाले. वर्गात घेता येत नाही तर त्यांनी तिला खासगीत शिकवले. एक दोन महिने नव्हे, चार वर्षे. १८७४ साली तिला ग्योटिंगेन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. १८८४ पासून ती स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या विद्यापीठात शिकवू लागली आणि १८८९ साली तेथे पूर्ण प्राध्यापक झाली. १८९१ साली ती अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी वारली. वायरश्ट्रास यांना फार दुःख झाले. तिची आलेली पत्रे त्यांनी जाळून टाकली.

मला वाटते, चार वर्षे वाया गेलेल्या माणसालाच कळले असेल की दाराबाहेर उभे राहिलेल्याला कसे वाटते.

शेवट

वायरश्ट्रास यांनी लग्न केले नाही. बर्लिनमध्ये ते आपल्या दोन बहिणींबरोबर राहत. शेवटची तीन वर्षे ते चाकाच्या खुर्चीवर होते. १९ फेब्रुवारी १८९७ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ८१ वर्षांचे होते. आज चंद्रावरच्या एका विवराला त्यांचे नाव दिलेले आहे.

मित्रांनो, या चरित्रातून मी काय शिकले? गुरुजी म्हणतात की बोध लिहिलाच पाहिजे, म्हणून लिहिते. एक उत्तर सापडले की पेपर पालथा घालू नये. दुसऱ्या बाजूलाही कोणी तेवढ्याच अंतरावर उभे असते. बॉनहून रिकाम्या हाताने परत आलेल्या कार्लचे वडिलांना दिसणारे एक उत्तर होते, ते म्हणजे मुलगा फुकट गेला. ते खोटे नव्हते. पण ते अर्धे होते. त्यांचे उरलेले उत्तर मिळायला सोळा वर्षे लागली.

आमचा दादा वायरश्ट्रास होईल असे मी म्हणत नाही. पण गुरुजींनी तीनदा समजावूनही न कळलेले उदाहरण त्याने मला रस्त्यावरच्या दगडांवरून एका संध्याकाळी समजावले. आता वस्तीवरची चार मुले रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर गणित शिकायला येतात. आप्पा तेव्हा गोठ्यात असतात. परवा मी पाहिले, दादा समजावून सांगत होता आणि आप्पांचा धार काढणारा हात थांबला होता.

आज पालकसभा आहे. मी आप्पांना वेगळे निमंत्रण दिले आहे आणि दादाला वेगळे. दोघांनाही सांगितले आहे की या भिंतीपाशी चारच्या ठोक्याला यायचे. कोण कोणत्या बाजूने येईल ते माहीत नाही, पण अंतर दोघांनाही सारखेच पडेल.

वाचकांसाठी उदाहरणे. क्ष काढा आणि पडताळा घ्या :
१) | क्ष | = ७
२) | क्ष − १० | = ४
३) | २क्ष − १ | = ७
४) | क्ष + ६ | = −१

(उत्तरे, भित्तिपत्रकावर खाली उलटी लिहिली आहेत, आधी बघू नयेत : १) ७ किंवा −७. २) १४ किंवा ६. ३) ४ किंवा −३. ४) उत्तर नाही.)

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी